नापास व्हायची तालीम

"डॉक्टर, तो विषाणू तुम्ही स्वतःच्या डोळ्यात टोचून घ्याल का?"

प्रश्न माझा नव्हता. ढापणी आणि लंबू या माझ्या दोन जिवलग वैरिणींनी पैज लावली होती. विचारलास तर महिनाभर तुझं दप्तर आम्ही वाहू, नाही विचारलास तर तू भित्री भागूबाई, आणि तसं फळ्यावर लिहू. आता दप्तर माझं जड असतं, मोठ्या अक्षरांची पुस्तकं असतात, त्यामुळे मी विचारून टाकलं.

टॉर्चबाईंनी माझ्या डोळ्यावरचा उजेड जराही हलवला नाही. त्यांचं खरं नाव दारावर आहे, पण मला ते जवळ गेल्याशिवाय दिसत नाही आणि जवळ गेलं की त्या टॉर्च काढतात.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझा जनुक शाबूत आहे."

"आणि शाबूत नसता तर?"

"तर मी तुझ्याइतकी बडबड केली नसती. हनुवटी टेकव."

शेजारच्या खुर्चीतून बाबांनी मला कोपर मारलं. आईने बाबांना मारलं, कारण कोपर मारताना त्यांनी तिची पर्स पाडली होती. आमचं कुटुंब असं सगळीकडे शोभा करत फिरतं.

माझ्या डोळ्याचं थोडक्यात सांगते. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यातल्या पेशींना उजेड टिपण्यासाठी एक द्रव्य पुन्हा पुन्हा तयार करावं लागतं, आणि ते तयार करायची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते तो माझ्यात जन्मापासून बिघडलेला आहे. भर उन्हात माझं बरं चालतं. दिवा जरा मंद झाला की माझं दुकान बंद. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचंच बंद होतं आणि लोक उगाच धीट असल्याचं दाखवतात.

हे कुणाला सांगायचं नाही, असा आईचा नियम होता. "लोकांना काय, बोलायला विषय." या वर्षी मी वर्गात उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. आभाळ कोसळलं नाही. उलट लंबूने मला वटवाघूळ म्हणायला सुरुवात केली, ढापणीने तिला सांगितलं की वटवाघळाला रात्री उत्तम समजतं, तर हे नाव उलट आहे, आणि त्या दोघी आठवडाभर त्यावरच भांडल्या. तेव्हापासून माझं तोंड सुटलंय, असं आईचं मत आहे.

"विषाणूला एकच कला येते," टॉर्चबाई लेन्स बदलत म्हणाल्या. "पेशीत शिरायची. बाकीचं आम्ही त्याच्यातून काढून टाकलंय. तो वाढत नाही, आजार देत नाही. रिकाम्या झालेल्या जागेत तुझ्या बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत भरलेली आहे. तो थेंब सुईने पडद्याच्या खाली सोडायचा."

"म्हणजे घरफोड्या," मी म्हणाले. "कुलूप उघडता येतं, पण चोरायची अक्कल काढून घेतलीय. आत जातो आणि उलट सामान ठेवून येतो."

त्यांचा हात पहिल्यांदा थांबला. "साधारण तसं. पण घरात कुणीतरी जिवंत लागतं. मेलेल्या पेशीत सामान ठेवून काय करणार? तुझ्या अजून पुष्कळ जिवंत आहेत. दर वर्षी कमी होताहेत."

"मग पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी ही तुकडी संपलेली असेल. या प्रयोगात मोजक्या जागा आहेत. पुढची तुकडी निघेल की नाही, मला माहीत नाही. आणि एकदा टोचलं की शरीर त्या विषाणूचा चेहरा विसरत नाही, रक्तात पहारा बसतो. त्याच डोळ्यात परत सहज टोचता येत नाही. तेव्हा नीट विचार करून या."

हे त्या अशा आवाजात बोलल्या की जणू मी त्यांच्या घरी उसनं मागायला आले होते. पण मला एवढं कळलं: आत्ता जागा मिळाली तर मिळाली. नाही मिळाली तर एक दिवस माझं दुकान दुपारीसुद्धा बंद होणार.

बाबांनी घसा साफ केला. "मॅडम, निवड कशावर होते? म्हणजे, कितीच्या वर लागतात?"

"काय कितीच्या वर?"

"मार्क."

"ही परीक्षा नाही," टॉर्चबाई म्हणाल्या. "डोळ्याची विजेची नोंद घेतो आणि एक चालण्याची चाचणी असते. जमिनीवर बाण, मध्ये अडथळे, दिवा कमी कमी करत जायचं. तिला जसं दिसतं तसं तिने चालायचं. तयारी करायची नाही. निकष आम्ही सांगत नसतो, त्याला कारण आहे."

"हो हो, बरोबर," बाबा म्हणाले.

मी त्यांचा आवाज ओळखला. माझे बाबा शिकवणी घेतात. आमच्या हॉलमध्ये सकाळी एक आणि संध्याकाळी दोन तुकड्या बसतात. जो मुलगा "सर, माझा काहीच अभ्यास झाला नाही" म्हणतो तोच पहिला येतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. त्यामुळे तयारी करायची नाही, असं कुणी म्हटलं की त्यांना एकच अर्थ कळतो. बाकीचे करताहेत.

त्याच दिवशी त्यांनी प्रतीक्षालयात कामाला सुरुवात केली. तिथे एकमेकांना जोडलेल्या खुर्च्या आहेत, आवाज बंद केलेला टीव्ही आहे आणि माझ्यासारखी पोरं घेऊन बसलेले कंटाळलेले आईबाप आहेत. बाबा एकेकाशेजारी जाऊन बसले. तुमची कितवीत? कधीपासून दिसत नाही? अरेरे. चहा घेणार? आणि मग, सहज म्हणून: तुमच्या मुलाला पहिला बाण कुठल्या हाताला होता हो?

पुढच्या दोन फेऱ्यांत त्यांनी पाच मांडण्या जमवल्या. सगळ्या डोक्यात, कागदाला पेन लावला नाही. बाकीच्या बापांना वाटलं, काय आपुलकीचा माणूस आहे.

"हा प्रश्नसंच आहे," घरी आल्यावर ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते, निदान तसं वाटावं असा आवाज होता. "प्रत्येक वेळी ते मांडणी बदलतात, पण किती बदलणार? पेपर काढणारा माणूसच असतो. आळशी असतो."

मग आमचा हॉल प्रयोगशाळा झाला. आई शाळेचे गणवेश शिवते, तिच्याकडे काळं अस्तर ताग्याने असतं. ते खिडक्यांवर लागलं. उरलेल्याचे बाण कापून पांढऱ्या चादरीवर टाचले. दोऱ्याच्या रिळांचे खोके, इस्त्री करताना आई बसते ते स्टूल, पायरीसाठी फोमचे तुकडे, हे सगळे अडथळे. पंख्याला हँगर लटकवला, त्याच्या खालून मान वाकवून जायचं. टेबलाच्या दिव्यावर अस्तराचे थर चढवत गेलं की उजेड हवा तेवढा कमी. चाचणीत एकेक डोळा झाकतात म्हणून आईने एका डोळ्यावर बांधायला इलॅस्टिकची पट्टीसुद्धा शिवली, कडेला दुहेरी शिलाई घालून. गणवेशाला घालते तशी.

"पहिली गोष्ट, संच ओळखायचा," बाबा ती पट्टी हातात घेऊन म्हणायचे. "प्रत्येक मांडणी वेगळ्या जागेवरून सुरू होते. त्या खोलीत एसी कुठेय?"

"दाराच्या वर."

"मग उभी केल्यावर गार हवा कुठे लागते ते बघ. उजव्या गालाला लागली तर कुठला संच?"

"ब."

"मानेवर लागली तर?"

"ड. बाबा, मी आंधळी कोशिंबीर खेळतेय की डोळे तपासायला जातेय?"

"तू निवडली जायला जातेयस. चल. ब."

ब म्हणजे डावीकडे, खोका टाळून उजवीकडे, पायरी, मान खाली, मग सरळ दारापर्यंत. अ मध्ये पायरी आधी येते. क सगळ्यात चावट, त्यात बाण मागे वळतो. मी पाठांतरात पहिल्यापासून हुशार आहे, डोळ्यांचं काम कानांना आणि पायांना लावायची सवय आहेच, आणि खरं सांगायचं तर मला मजा येऊ लागली. दिव्यावर थरावर थर चढत गेले आणि मी अडखळेनाशी झाले. आई मशीनवरून बघायची आणि म्हणायची, "बघा, किती छान चालते. कोण म्हणेल हिला दिसत नाही?"

तेच तर ऐकायला तिचे कान इतकी वर्षं आसुसले होते.

गुरुवारी चाचणी झाली. आधी डोळ्यावर लेन्ससारखी एक तार बसवून दिव्याचे झटके मारले आणि पडदा किती वीज सोडतो ते मोजलं. मग अंधाऱ्या खोलीत बराच वेळ बसवून ठेवलं, डोळे सरावायला. माझ्यासोबत स्टॉपवॉचताई होती. ती ही चाचणी घेते, तरुण आहे आणि तिच्या हातात कायम ते घड्याळ असतं. ती म्हणाली, "घाबरू नकोस. इथे चुकलं तरी चालतं."

ते मी मनावर घ्यायला हवं होतं. पण मी सरांची मुलगी.

मोठ्या उजेडापासून सुरुवात झाली. मग कमी. मग आणखी कमी. शेवटी ताईने हात धरून मला उभं केलं आणि मला माझे स्वतःचे बूटसुद्धा दिसत नव्हते. गार हवा मानेवर आली. ड. मी निघाले. खोका, वळण, मान खाली, पायरी, वळण, दार. दाराची चौकट हाताला लागली तेव्हा टाळ्या पडतील असं वाटलं.

घड्याळ टिक करून थांबलं. छतावरच्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका असतो म्हणे, मला तोही दिसला नाही.

"पुन्हा करू या," ताई म्हणाली.

पुन्हा केलं. क आला, चावट. तोही मी सोडवला.

टॉर्चबाईंच्या खोलीत आम्ही तिघं बसलो तेव्हा बाबा खुर्चीच्या टोकावर होते. निकालाच्या दिवशी ते असेच बसतात.

"ही तिच्या डोळ्याची रेघ," टॉर्चबाईंनी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं. "अंधारातली. सपाट आहे. रस्ता असतो तशी. त्या शेवटच्या उजेडात या डोळ्याला काहीही कळायला नको. आणि ही पोरगी बागेत फेरी मारल्यासारखी चालली."

"म्हणजे पास," बाबा म्हणाले.

"उत्तम पास."

"मग?"

"मग घरी जा. ज्याला इतकं दिसतं त्याच्या पडद्याखाली सुई घालायचा मला अधिकार नाही. आम्ही न दिसणाऱ्यांना घेतो. जे मंद उजेडात अडखळतात त्यांना. टोचल्यावर अडखळणं कमी झालं का, हेच तर मोजायचं असतं."

माझ्या बाबांच्या आयुष्यात पास झाल्याबद्दल कुणी हाकलून देण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांचं तोंड उघडं राहिलं, हे मला इतक्या जवळून स्पष्ट दिसलं.

"एक तर यंत्र बिघडलंय," टॉर्चबाई माझ्याकडे वळल्या, "नाही तर तू."

"यंत्र तपासलंत का?" मी म्हणाले.

"तपासलं."

"मग मी खोटं बोलले म्हणायचंय तुम्हाला?"

"तू चाललीस फक्त. बोलायला अजून सुरुवात केलेली नाहीस." त्यांनी फाइल मिटली. "सोमवारी पुन्हा चाचणी. तेव्हाही असंच निघालं तर जागा दुसऱ्याला जाईल. रांग लागलेली आहे."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं का? बाबांनी माझं मनगट असं धरलं होतं की रक्त वाहणं बंद झालं. बाहेर येईपर्यंत सोडलं नाही.

जिन्यात आईने तोंड उघडलं. "कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? त्या बाई म्हणत होत्या ना, तयारी करायची नाही?"

"तूच पट्टी शिवलीस," बाबा म्हणाले.

"तुम्ही माप दिलंत म्हणून शिवली. मी काय, कुणी माप दिलं की शिवते."

"दुहेरी शिलाई घालायला मी सांगितलं नव्हतं."

मी कठडा धरून खाली उतरत होते. जिन्यातला दिवा गेलेला होता. त्या दोघांच्या लक्षातही आलं नाही, इतकं जोरात चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत ढापणीने पुन्हा पैजेचंच उकरून काढलं. मी परत सांगितलं, विचारला, उत्तर 'नाही' असं आलं, म्हणजे आलं, दप्तर उचला. मग बाकीचं सांगितलं.

"मग सोमवारी आपट," ढापणी म्हणाली. "त्यात काय एवढं."

"हिला आपटायला शिकवावं लागतं?" लंबू म्हणाली. "मागच्या आठवड्यात ही मुख्याध्यापकांच्या पोटात शिरली. ते म्हणाले, बेटा, रांगेत या."

आम्ही तिघी इतक्या हसलो की शेजारच्या वर्गातून बाई आल्या. त्या गेल्यावर मी म्हणाले, "पण समजा मी मुद्दाम आपटले आणि मला घेतलं. टोचलं. मग नंतर मी नीट चालले, तर ते विषाणूने झालं की मी आपटायचं सोडलं म्हणून झालं? कुणाला कळणार?"

"तुला कळेल ना, वटवाघळा."

"मला काय कळेल? मला तर गुरुवारीसुद्धा वाटत होतं की मला दिसतंय."

ढापणीने चष्मा काढून पुसला. लंबूने माझं दप्तर उचललं आणि म्हणाली, "दगड भरलेत का यात?"

रविवारी दुपारी बाबांनी परत काळं अस्तर लावलं. मला वाटलं होतं की सगळं आवरायला घेतलंय. ते तर खोके मांडत होते.

"आता नीट ऐक," ते म्हणाले. "ब घेऊ. पहिला बाण बरोबर. दुसऱ्याला थोडं थांब, चाचपड. खोक्याला पाय लाव. जोरात नको, लागल्यासारखा. पायरीवर अडखळ. शेवटचं वळण चुकव."

"आणि आई गं म्हणू का?"

"एकदा. हळू. नाटकी नको."

"बाबा, तुम्ही मला नापास व्हायची तालीम देताय."

"मी तुला डोळे मिळवून देतोय," ते म्हणाले. आवाज चढला होता. "तुला कळतंय का, आत्ता हुकलं तर काय होईल? दर वर्षी कमी होताहेत, त्या बाई म्हणाल्या ना? तू तत्त्वं सांगत बसणार आणि पेशी काय थांबून ऐकणार?"

"मी फक्त म्हणतेय की खरं सांगू. मांडण्या पाठ होत्या म्हणून सांगू. नवीन मांडू देत. नवीन मांडणीत मी अशीच आपटणार, मला काही करावं लागणार नाही."

"आणि फसवणूक केली म्हणून त्यांनी नावच काढलं तर? सांगून टाकायला तुझं काय जातंय. ज्या लोकांनी मला सांगितलं त्यांच्या पोरांचं काय? त्यांनाही बाहेर काढतील. तो लहान मुलगा, आईच्या मांडीवर बसतो तो, त्याच्या बापाने मला पहिली मांडणी सांगितली. जाशील त्याला तोंड दाखवायला?"

मला रागच आला. "तुम्ही विचारलंतच का त्याच्या बापाला? तो बिचारा तुमचा चहा प्यायला."

"तोंड फार चालायला लागलंय तुझं."

"डोळे चालत नाहीत, मग तोंड तरी चालू दे."

"पट्टी बांध. सही मी करणार आहे, मी ठरवणार."

"सही माझीही लागते. मी लहान असले तरी माझी संमती घेतातच, ताईने सांगितलंय."

बाबा दिव्यावर एक एक थर चढवत गेले, चढवत गेले, शेवटी हॉल माझ्यासाठी संपला. मी पट्टी बांधली, कारण वाद घालायलाही दम लागतो. आई आतल्या खोलीत इस्त्री करत होती, वाफेचा फुस्स आवाज येत होता. सोमवारी सकाळी द्यायचे गणवेश होते.

"ब. चल."

मी पहिला बाण घेतला. दुसऱ्याला थांबले, चाचपडले, खोक्याला पाय लावला. "आई गं," मी म्हणाले, अगदी सपाट आवाजात, त्यांना चिडवायला.

"नीट कर."

मी परत सुरुवातीला गेले. मनात ठरवलं की यांना दाखवतेच, एकही चूक न करता सरळ दारापर्यंत जाते, बघू काय करतात. आणि निघाले, भराभर, गुरुवारी गेले होते तशी. खोका टाळला. उजवीकडे वळले. पायरी चढून उतरले. मान खाली घालून हँगरखालून निघाले आणि पुढची सरळ वाट मोकळीच असते म्हणून पाय जोरात टाकला.

नडगीला काहीतरी बसलं, मी तशीच पुढे गेले आणि कपाळ आईच्या शिलाई मशीनच्या कडेवर आपटलं. खाली पडताना स्टूल माझ्यावर पडलं. पायरीच्या पलीकडे ते कधीच नव्हतं. आईने मघाशी बसायला नेलं होतं आणि काम झाल्यावर, मी परत सुरुवातीला गेले तेव्हा, आणून दिसेल तिथे ठेवलं होतं. तिला दिसत होतं.

अंधारातून बाबांचा आवाज आला.

"शाब्बास. हेच. एकदम खरं वाटलं. आता हे असंच लक्षात ठेव."

तोंडात काहीतरी खारट येत होतं, भुवईवरून ओघळून.

"ऊठ, परत एकदा," बाबा म्हणाले. मग, वेगळ्या आवाजात, "ऊठ ना."

आई पळत आली आणि तिने मोठा दिवा लावला. पांढऱ्या चादरीवर बाण वेडेवाकडे झाले होते, आणि मला दिसलं ते आधी आईचं तोंड. तिने हातातला गणवेशाचा शर्ट तसाच माझ्या कपाळावर दाबला, कुणाचा तरी, उद्या द्यायचा. "स्टूल," ती म्हणाली. "मी ठेवलं. मला वाटलं, हिला दिसतंय."

"ती नाटक..." बाबा म्हणाले. ते जमिनीवर बसले. शिकवणीचे सर कधी जमिनीवर बसत नाहीत. त्यांनी माझ्या पायाजवळचा एक बाण उचलला आणि त्याची टाचणी काढायला लागले, जणू तेच काम आता राहिलंय.

"तुमच्यासमोर मी पडले आणि तुम्ही मला मार्क दिलेत," मी म्हणाले. आवाज मुद्दाम मोठा केला. "आई, तूही ऐक. तू सगळ्यांना सांगत फिरतेस की हिला छान दिसतं. तुम्हा दोघांना एवढंही माहीत नाही की मला किती दिसतं. आणि तुमच्या नादाने मलाही माहीत नाही."

"बाळा, रक्त थांबू दे आधी," आई म्हणाली.

"थांबेल ते. दाबून धर."

"डॉक्टरांकडे जाऊ या," बाबा म्हणाले. "टाके लागतील."

"जाऊ. पण आधी ऐका." मी पट्टी डोक्यावरून काढली आणि तिचं इलॅस्टिक ताणून तोडायचा प्रयत्न केला. तुटलं नाही, दुहेरी शिलाई. तशीच जमिनीवर ठेवली. "उद्या आत गेल्यावर, त्यांनी दिवे कमी करायच्या आधी, मी स्टॉपवॉचताईला सांगणार आहे की पाचही मांडण्या मला पाठ आहेत आणि मी गुरुवारी एसीच्या वाऱ्यावरून ओळखून चालले. कुणी सांगितल्या ते विचारलं तर माझ्या घरच्यांनी, एवढंच उत्तर मिळेल, कुणाच्या बापाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. मग त्यांनी आजवर कुणाला दाखवली नाही अशी मांडणी करावी आणि मी त्यात मला दिसेल तशी चालेन, आपटले तर आपटले, नाही तर नाही. त्यावर त्यांनी मला काढलं तर काढू देत, तेव्हा रडेन, आत्ता नाही. आणि बाबा, तुम्ही त्या दाराच्या आत पाऊल ठेवायचं नाही. आईनेही नाही. तुम्ही दोघं बाहेर टीव्हीसमोर बसायचं आणि कुणालाही काहीही विचारायचं नाही."